पान, पंगत आणि डिकॉक्शन : परदेशी विद्यार्थ्यांना दक्षिणेत जेवायला नेताना

पुण्या-मुंबईत शिकायला आलेल्या परदेशी मुलामुलींची दक्षिणेच्या जेवणाशी ओळख होते ती कॉलेजजवळच्या उडुपी हॉटेलातल्या मसाला डोशाने, आणि बहुतेकांची तिथेच थांबते. त्यांना घेऊन प्रत्यक्ष तिकडे गेलं की पहिल्या एक-दोन जेवणांत एकच गोष्ट घडते. सांबारभात आवडतो, तो पोटभर खाल्ला जातो, आणि रस्सम, पायसम, ताक यायच्या आत हात थांबतो. म्हणजे निम्मं जेवण राहूनच जातं. दक्षिणेतलं जेवण क्रमाने येतं आणि क्रमानेच खायचं असतं. तो क्रम एकदा कळला की तिखट, हाताने खाणं, पान, पंगत ही बाकीची धास्ती आपोआप कमी होते. खालचा मार्ग तसाच आखला आहे : आधी टिफिन (इडली-डोशासारखं हलकं खाणं), मग पान, मग मांसाहार, शेवटी सद्या, म्हणजे केळीच्या पानावरची केरळी मेजवानी. आंध्र आणि तेलंगण मुद्दाम वगळले आहेत. गोंगुरा (अंबाडी), पप्पू (वरण) आणि तिथल्या तिखटासाठी वेगळा आठवडाच काढायला हवा.

निघण्याआधी दोन कामं करावीत. पहिलं, माटुंग्याला रामा नायक यांच्या उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंगमध्ये (स्थापना १९४२) एकदा केळीच्या पानावर जेवण. सराव घरच्या अंगणात झालेला बरा. दुसरं काम जास्त महत्त्वाचं : कोणाला कशाची अ‍ॅलर्जी आहे हे आधी विचारून ते तमिळ, मल्याळम आणि कन्नडमध्ये चिठ्ठीवर लिहून घेणं. ग्लूटेन न चालणाऱ्यांना इडली-डोसा बिनधास्त चालतो असा समज असतो, पण बाजारातला बांधानी हिंग बऱ्याचदा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो, आणि सांबार-रस्समात हिंग असतोच. इडलीबरोबरच्या पोडीत, म्हणजे कोरड्या चटणीत, तिळाचं तेल असतं. पोंगल (मूगडाळीची मऊ खिचडी) आणि पायसम (खीर) यांत काजू असतात. केरळच्या किनाऱ्यावर चटणी-लोणच्यातही सुकट सापडते. दूध-तूप न खाणाऱ्यांनी तमिळनाडूत ‘नेय वेण्डाम’, म्हणजे तूप नको, हे दोन शब्द पाठ करावेत. ते वाढायला सुरुवात होण्याआधी म्हणावेत, कारण तुपाची पळी सगळ्यात आधी येते.

पहिला दिवस : चेन्नई, टिफिन आणि कॉफी

चेन्नईत घड्याळ पाहून भूक लागावी लागते. सकाळी साधारण अकरापर्यंत इडली, वडा, पोंगल, डोसा. बारा ते तीन ‘मील्स’, म्हणजे भाताचं पूर्ण जेवण. चारनंतर पुन्हा टिफिन. जुन्या पद्धतीच्या हॉटेलांत दुपारी एक वाजता मसाला डोसा मागितला तर नाही म्हणतात, आणि साडेतीनला भात मागितला तरी नाहीच. दुपारी सगळं स्वयंपाकघर भातात गुंतलेलं असतं आणि डोशाचा तवा बंद असतो. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पाहुण्यांना वाटतं, आपल्यालाच नकार दिला.

पहिली न्याहारी इडलीची करावी. ट्रिप्लिकेनच्या रत्ना कॅफेत इडलीवर सांबार असं ओततात की ती पार बुडून जाते. तिथे चमचा मिळतो आणि वापरायलाही हरकत नाही. कोरडी इडली मात्र हाताने खावी. पोडीच्या मध्ये बोटाने खळगा करून त्यात तिळाचं तेल घ्यायचं, कालवायचं आणि इडलीचा तुकडा त्यात दाबायचा. नारळाची चटणी सकाळीच खाऊन घ्यावी. उकाड्यात ओला नारळ दोन-तीन तासांत आंबायला लागतो, आणि प्रवासात पोट बिघडतं ते बहुधा अशा उरलेल्या चटणीने. बिचाऱ्या तिखटावर उगाच आळ येतो. चटणीला जराही आंबूस वास आला तर सांबारावर भागवावं.

आता कॉफी. फिल्टरची दोन भांडी असतात. वरच्याच्या तळाला बारीक भोकं असतात, आत छत्रीसारखी दांडी असलेली चकती बसते, आणि खालच्या भांड्यात डिकॉक्शन, म्हणजे कॉफीचा दाट अर्क, जमतं. पुडीत चिकोरी साधारण वीस ते तीस टक्के असते. वरच्या भांड्यात ३० ग्रॅम पूड सपाट पसरून चकती अलगद ठेवायची, उकळी येऊन गेलेलं १५० मिली पाणी चकतीवर गोल फिरवत ओतायचं, झाकण ठेवायचं आणि पंधरा-वीस मिनिटं हात लावायचा नाही. पूड बरंच पाणी धरून ठेवते, त्यामुळे खाली ९० मिलीच्या आसपास येतं. एका भागाला तीन भाग गरम दूध या हिशोबाने त्यात तिघांची कॉफी होते. चकती जोरात दाबली की थेंब पडायचे थांबतात. मग लोक फिल्टर आपटतात आणि गाळ खाली उतरतो. अशा वेळी चकती किंचित सैल करावी, एवढंच. पूड जाडी असेल तर पाणी तीन-चार मिनिटांत निघून जातं आणि कॉफी पांचट लागते. डिकॉक्शन पुन्हा तापवलं तर कडू होतं, म्हणून तापवायचं ते दूध.

कॉफी येते टंबलर आणि दवऱ्यात. दवरा म्हणजे कडा असलेली पसरट वाटी, आणि ती बशी म्हणून बाजूला सारायची नसते. टंबलर काठाशी धरायचा, कारण खाली हात भाजतो. कॉफी दवऱ्यात ओतायची, परत टंबलरमध्ये, असं चार-पाचदा. साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. हात किती उंच न्यायचा हा सरावाचा भाग आहे. पहिल्या दिवशी वीतभर पुरे.

दुसरा दिवस : चेन्नई, पानावरचं जेवण

हा दिवस सावकाश घ्यावा. ‘मील्स रेडी’ अशी पाटी असलेल्या खाणावळीत साडेबाराच्या आत पोचावं. भात आणि भाज्या ताज्या असतात, आणि वाढपी अजून घाईत नसतो.

पान मांडलं की शेंडा, म्हणजे निमुळतं टोक, जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा. रुंद बाजू उजवीकडे, कारण हात तिथे जास्त फिरतो. पानावर पाण्याचे दोन-चार थेंब शिंपडून तळव्याने पुसून घ्यायचं. मधली शीर पानाचे दोन भाग करते. वरच्या भागात मीठ, लोणचं, पोरियल (खोबरं घातलेली सुकी भाजी), कूट्टू (डाळ-भाजी), वरुवल (तेलात परतलेली भाजी), अप्पळम (पापड). खालच्या भागात भात. लग्नाच्या पंगतीत खाली उजव्या कोपऱ्यात सुरुवातीलाच थोडं पायसम वाढतात, ते आधी चाखायचं. सगळ्यांना वाढून होईपर्यंत थांबायचं हे आपल्या पंगतीसारखंच, आणि परदेशी मुलांना ते पटकन रुचतं.

क्रम असा : पहिला भात परुप्पू म्हणजे घट्ट वरण आणि तुपाबरोबर, चार घास. दुसरा सांबाराबरोबर. मग काही ठिकाणी वत्तकुळंबू किंवा कारकुळंबू, चिंचेचं दाट आणि आंबट-तिखट कालवण, त्याचा अगदी थोडा भात. मग रस्समभात. शेवटी दही किंवा ताकभात लोणच्याशी. भूक चार वाट्यांची असेल तर पहिल्या दोन भातांना मिळून दीड वाटी द्यावी. दहीभाताला जागा ठेवणं ही यातली खरी कसोटी. तिखटाची आग पाण्याने विझत नाही, दह्याने विझते. म्हणूनच तो शेवटी असतो.

वाढपी बादली घेऊन भराभर पुढे सरकतो. पळी कलंडल्यावर नको म्हणून उपयोग नसतो. पळी पानावर येण्याआधी उजव्या हाताचा पंजा पानावर आडवा धरायचा आणि ‘पोदुम’ म्हणायचं, म्हणजे पुरे. थोडंसं हवं असेल तर ‘कोंजम’. मल्याळममध्ये पुरे म्हणजे ‘मदि’, कन्नडमध्ये ‘साकु’. एवढे शब्द आले तरी पानावर अन्न टाकायची वेळ येत नाही, आणि टाकणं यजमानाला लागतं.

हाताचं तंत्र दाखवूनच शिकवावं लागतं. बोटांची पहिली दोन पेरं भरली तरी चालतं, तळवा शक्यतो कोरडा. भात मधून न घेता ढिगाच्या कडेने ओढायचा, कारण मध्ये तो भाजतो. कालवलेला भात चार बोटांनी गोळा करून त्यांच्याच टोकांवर उचलायचा, हात तोंडाशी आल्यावर अंगठ्याच्या नखाच्या बाजूने पुढे ढकलायचा. नवखे लोक अंगठा आणि दोन बोटांनी चिमटीत धरतात आणि भात सांडतो. दुसरी चूक म्हणजे डोकं पानावर वाकवण्याऐवजी हात लांबून वर नेणं. घास वाटेतच मोडतो.

रस्सम पानावर घेणं ही सगळ्यांना अशक्य वाटणारी गोष्ट. भात आधी बोटांनी चांगला दाबून मऊ करायचा, मग त्याचं आळं करायचं, आपल्याकडची बाजू जाडसर ठेवून. रस्सम एकदम घ्यायचं नाही, अर्धी पळी. लगेच कालवून खायचं, मग पुन्हा अर्धी पळी. मोकळा, न दाबलेला भात रस्सम धरत नाही. ते वाहत कडेला येतं आणि मांडीवर सांडतं. जमलंच नाही तर पेल्यात मागावं, कोणी काही म्हणत नाही.

डावा हात अन्नाला लावायचा नाही, पण पाण्याचा पेला डाव्या हातानेच उचलायचा, म्हणजे खरकटा होत नाही. बरेच जण पाणी ओठ न लावता वरून पितात. परदेशी मुलांना ते जमत नाही आणि जमवायचा अट्टहास करू नये. ठसका लागतो. स्वतःची बाटली असेल तर प्रश्नच मिटतो. मात्र आपल्या पानातला पदार्थ शेजाऱ्याला चाखायला देणं, वापरलेला चमचा वाढायच्या भांड्यात घालणं हे टाळायलाच हवं. उष्ट्याचा विचार तिथे आपल्याइतकाच, काही घरांत आपल्याहून कडक असतो.

जेवण झालं की पानाचा वरचा भाग आपल्याकडे दुमडायचा. शोकाच्या जेवणात पान उलट्या दिशेला दुमडतात असं सांगतात, म्हणून दिशा चुकू द्यायची नाही. शंका असेल तिथे शेजारी काय करतो ते पाहावं.

तिसरा दिवस : कुंभकोणम आणि तंजावर

कुंभकोणमला पितळी दवऱ्यातली डिग्री कॉफी, म्हणजे इथली नावाजलेली फिल्टर कॉफी, घ्यावी. चेन्नईत शिकलेलं ओतणं इथे उपयोगी पडतं. इडलीबरोबर ‘कडप्पा’ मिळाला तर सोडू नये. मूगडाळ, बटाटा, नारळ आणि बडीशेप यांचं हे पांढुरकं कालवण या भागाबाहेर क्वचितच दिसतं, आणि इथेही रोज नसतं.

तंजावर मराठी माणसाला वेगळ्या कारणासाठी जवळचं. व्यंकोजीराजांपासून १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचं राज्य होतं, आणि सरस्वती महाल ग्रंथालयात राजवाड्याच्या मुदपाकखान्यातल्या पाककृती मराठीत लिहिलेल्या आहेत. सांबार इथल्याच मराठी दरबारात जन्मलं, आमसुलाऐवजी चिंच घालून, अशी कथा सगळीकडे सांगतात. ती कथा म्हणूनच सांगावी, तिला भक्कम पुरावा नाही. पण आमटी आणि सांबार शेजारी ठेवून चाखण्यासाठी याहून योग्य गाव नाही. आमटीत गोडा मसाला, गूळ, आमसूल. सांबारात धने, लाल मिरची, मेथी, हरभरा डाळ भाजून केलेली पूड आणि चिंचेचा कोळ. विद्यार्थ्यांना फरक जिभेवर लगेच कळतो.

चौथा दिवस : कारैकुडी

तंजावरहून पुदुक्कोट्टैमार्गे चेट्टिनाडात, म्हणजे कारैकुडीच्या आसपासच्या मुलखात, उतरायचं. इथले नाटुकोट्टै चेट्टियार हे व्यापारी व्यापारासाठी ब्रह्मदेश, सिलोन, मलायापर्यंत गेले, आणि त्यांच्या स्वयंपाकघरात तो प्रवास दिसतो. कवुनी अरिसी हा काळा तांदूळ ब्रह्मदेशातून आलेला. तो शिजवून साखर-खोबरं घालून गोड खातात. तांदूळ रात्रभर भिजवावाच लागतो, नाहीतर कुकरच्या शिट्ट्या वाढवूनही दाणा कडक राहतो.

चेट्टिनाड कोंबडी म्हणजे नुसतं तिखट नव्हे. मिरी, बडीशेप, चक्रीफूल, कढीपत्ता आणि कल्पासी, म्हणजे आपलं दगडफूल. गोड्या मसाल्यात असतं तेच. इथे ते तेलात आधी परततात, त्यामुळे वास खोल आणि मातकट येतो. प्रमाण जपावं लागतं : किलोभर कोंबडीला दोन-तीन पाकळ्या. जास्त झालं की रस्सा कडवट होतो. मसाला आयता न घेता त्याच दिवशी भाजून वाटलेला असेल तिथेच जेवावं. शहरांतल्या लाल रंगाच्या ‘चेट्टिनाड’ पदार्थांशी या चवीचा फारसा संबंध नाही.

तिखट सोसत नसलेल्यांसाठी वेळ्ळै पनियारम : तांदूळ आणि उडीद भिजवून वाटलेल्या पिठाचे पांढरे, तळलेले, काठाशी कुरकुरीत पदार्थ. चटणी वेगळी येते, ती टाळता येते.

पाचवा दिवस : मदुरै

मदुरै रात्री जेवतं. दिवसा मीनाक्षी मंदिर पाहावं आणि उन्हात जिगरठंडा घ्यावा : आटवलेलं दूध, नन्नारीचं (अनंतमुळाचं) सरबत, बदाम पिसिन आणि वर आइस्क्रीम. पिसिन हा डिंक आहे. रात्रभर भिजवल्यावर चमचाभराचा वाटीभर होतो. अर्धवट भिजलेला पोटात फुगतो, म्हणून दाणेदार लागला तर सोडून द्यावा. रात्री आठनंतर परोट्टा (मैद्याची पदरांची पोळी) आणि सालना (पातळ मसालेदार रस्सा), कोत्तु परोट्टा (तव्यावर तुकडे करून परतलेला), मांसाहारी असाल तर कोनार कडैचा करी डोसा, ज्यात जाड डोशावर अंडं आणि खिम्याचा थर असतो. तो दोघांत एक पुरतो. मांस न खाणाऱ्यांसाठी परुत्ती पाल, सरकीच्या दुधात गूळ आणि सुंठ घालून केलेलं गरम पेय. रात्रीच्या बसने कोची.

सहावा दिवस : कोची

सकाळी पुट्टू (नळीत वाफवलेलं तांदळाचं पीठ) आणि कडला (काळा हरभरा). तांदळाचं जाडसर पीठ मिठाच्या पाण्याने असं ओलं करायचं की मुठीत दाबलं तर गोळा व्हावा आणि बोटाने टोचलं तर मोडावा. पाणी जास्त झालं की नळीत लगदा होतो, कमी पडलं की भुगा. वाफ वरून जोरात यायला लागल्यावर पाचेक मिनिटं. पानात आल्यावर पुट्टू मोडायचा आणि काळ्या हरभऱ्याचा रस्सा किंवा पिकलेलं केळं त्यात कुस्करायचं. कोरडा खाल्ला तर घशात अडकतो.

इथे जेवताना पेल्यात गुलाबी कोमट पाणी येतं. ते पतिमुगम या लाकडाच्या कपच्या घालून उकळलेलं पाणी. उकळलेलं असल्यामुळे परदेशी पोटांना ते मानवतं, पण अनेक जण सरबत समजून बाजूला ठेवतात. आधीच सांगून टाकावं.

दुपारी कप्पा आणि मीन करी. कप्पा म्हणजे शिजवलेला टॅपिओका. माशाच्या रश्श्याला आंबटपणा कुडमपुळीचा. दिसायला ती आपल्या कोकमाची नातलग, चवीला अधिक धुरकट. हा रस्सा दुसऱ्या दिवशी जास्त चविष्ट लागतो, म्हणून ‘कालचा आहे’ असं कोणी सांगितलं तर ते कौतुक समजावं.

सातवा दिवस : सद्या

ओणमच्या सुमाराला, म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आलात तर सद्या सगळीकडे मिळते. एरवी चौकशी करून जावं. केरळातल्या बऱ्याच देवळांत अहिंदूंना प्रवेश नाही, त्यामुळे देवळातल्या सद्येचा बेत करण्याआधी खात्री करून घ्यावी. दारात परत फिरणं कोणालाच नको. आरन्मुळेची वळ्ळसद्या ही वेगळीच गोष्ट आहे. पळ्ळियोडम नावाच्या लांब होड्यांचे वल्हेकरी गाणी म्हणत एकेक पदार्थ मागतात, आणि पदार्थांची संख्या साठाच्या पुढे जाते.

साध्या सद्येतही वीस ते अठ्ठावीस पदार्थ असतात. खाली डावीकडे केळ्याचे काप, गूळ लावलेली शर्करा वरट्टी, छोटं केळं, पप्पडम. वरच्या कडेला डावीकडून आलं-गुळाची इंजी, लोणची, मग पच्चडी, किच्चडी, तोरन, ओलन, कालन, एरिश्शेरी, अवियल, कूट्टुकरी. हे चिमूटचिमूट वाढलेलं असतं आणि तसंच खायचं असतं. एकाच भाजीवर ताव मारला की चव एकसुरी होते. आंबट कालननंतर नारळाच्या दुधातला सौम्य ओलन, तिखट लोणच्यानंतर गोडसर पच्चडी, असं आलटून-पालटून खावं.

भात येतो तो बहुधा मट्टा, तांबूस आणि जाड. तो लवकर पोट भरतो, म्हणून मागताना निम्माच मागावा. पहिली वाढ परिप्पू आणि तूप : त्यात पप्पडम चुरून कालवायचा. दुसरी सांबार. आणि मग, भात संपण्याआधीच, पायसम. परदेशी पाहुणे, आणि आपल्याकडचेही, इथे चुकतात. गोड आलं म्हणजे जेवण संपलं असं समजून उठायला लागतात. पायसम मध्यावर असतं. अडा प्रथमन, तांदळाच्या पापुद्र्यांचं पायसम, पानावरच वाढतात. त्यात ते छोटं केळं आणि पप्पडमचा तुकडा कुस्करून बोटांनी ओढून घ्यायचं. गोडाला खारट-कुरकुरीत जोड मिळते आणि पातळ पायसमला धरायला काहीतरी मिळतं. गूळ-नारळदुधाचं प्रथमन आधी, दुधाचं पालडा नंतर. मग पुन्हा चमचा-दोन चमचे भात, त्यावर रस्सम, आणि शेवटी ताक किंवा पुळिश्शेरी (नारळ घातलेली आंबट कढी). एवढ्या गोडानंतर ते आंबट हवंच.

लग्नाच्या हॉलमध्ये सद्या असेल तर पुढच्या पंगतीचे लोक खुर्चीमागे येऊन उभे राहतात. तो उद्धटपणा नव्हे, जागा धरायची रीत आहे. विद्यार्थ्यांना हे आधी सांगितलं नाही तर ते घाबरून अर्ध्यावर उठतात. शांतपणे जेवावं, पण शेवटचा घास झाल्यावर पानाशी गप्पा मारत बसू नये. पान आपल्याकडे दुमडून हात धुवायला जावं.

आठवा दिवस : उडुपी आणि परतीची गाडी

रात्रीच्या गाडीने उडुपी. श्रीकृष्ण मठात दुपारी पंगतीत प्रसादाचं जेवण मिळतं, पैसे न घेता. जमिनीवर मांडी घालून बसावं लागतं. ज्यांना मांडी घालता येत नाही त्यांना भिंतीलगत बसवावं. इथल्या सांबारात गूळ आणि नारळ असतो, त्यामुळे ते तमिळ सांबाराहून गोडसर. आता हा फरक मुलांना न सांगता ओळखता यायला हवा.

बाजारातून पितळी किंवा स्टीलचा फिल्टर, आणि कॉफीची पूड डोळ्यांदेखत दळून घ्यावी. पाव किलोहून जास्त नको. हवाबंद डब्यातही दोन आठवड्यांनी तिचा वास उतरतो.

कोकण रेल्वेने मुंबईला परतताना रात्रीच्या जेवणाला दहीभात न्यावा. नुसतं दही घालून नेला तर संध्याकाळपर्यंत आंबट ढाण होतो. तमिळ घरांतली युक्ती अशी : दोन वाट्या मऊ गरम भात घोटायचा, कोमट झाला की दीड वाटी दूध आणि एकच चमचा दही घालायचं, मीठ आणि किसलेलं आलं घालून मोहरी-कढीपत्त्याची फोडणी द्यायची. पाच-सहा तासांत डब्यातच विरजण लागतं आणि जेवायच्या वेळी ताजं दही झालेलं असतं. भात कढत असताना दही घातलं तर विरजण मरतं, आणि डबा उघडल्यावर नुसता दूधभात निघतो.